३४ आणि ६४ : धाराशिवच्या बायांनी जगाला दिलेला पुरावा



दोन आकडे आधी समोर ठेवते. ३४ आणि ६४. आपल्या जिल्ह्यातल्या बायांच्या दोन गटांत आठ वर्षांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने झालेले हे मृत्यू आहेत. पहिल्या गटात ३४,१२६ बाया होत्या, दुसऱ्यात ३१,४८८. पहिल्या गटातल्या बायांना आयुष्यात एकदाच एक चाचणी करून घेण्यासाठी बोलावले गेले होते. दुसऱ्या गटाला तसे बोलावणे नव्हते. फरक एवढाच. गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते, म्हणजे कोणत्या गावाच्या वाट्याला काय येणार हे कुणी जात, पक्ष किंवा ओळख बघून ठरवले नव्हते.

हे आकडे २ एप्रिल २००९ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. वैद्यकशास्त्रात या नियतकालिकाचे वजन काय आहे ते डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगायला नको. त्याच अंकातल्या संपादकीय लेखाचे शीर्षकच 'भारतातून जगाकडे' अशा अर्थाचे होते. भारतातून म्हणजे कुठून? तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून. ज्या जिल्ह्याचे नाव पेपरात दुष्काळ, टँकर आणि कर्ज यांशिवाय सहसा येत नाही, तिथून.

मागच्या वर्षी एका विहारात महिलांची बैठक होती. पंचवीस-तीस बाया होत्या. मी विचारले, आपल्या जिल्ह्यात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला होता, कुणाला माहीत आहे का? शांतता. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या साठीच्या आसपासच्या एक मावशी म्हणाल्या, "गाडी आली व्हती की गं. लई वर्सं झाली. तपासलं आन् म्हनले, चांगलं हाय. मंग आता का न्हाई येत ती गाडी?"

हा लेख त्या प्रश्नावर आहे. गाडी का येत नाही?

आधी आजार समजून घेऊ, कारण याबद्दल आपल्या वस्त्यांत जेवढा अंधार आहे तेवढाच बाहेर शिकलेल्यांतही आहे. हा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बहुतेक प्रकार निरुपद्रवी. ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांनी जननेंद्रियावर चामखिळी येतात, पण त्यांचा कॅन्सर होत नाही. डझनभर प्रकार मात्र धोक्याचे आहेत आणि त्यांतही १६ आणि १८ हे दोन मुख्य. जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी तो होऊन जातो. शरीर दोनेक वर्षांत त्याला बहुधा हुसकावूनही लावते. ज्या थोड्या बायांच्या शरीरात धोक्याचा प्रकार ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयमुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. याला कॅन्सरपूर्व बदल म्हणतात. तो कॅन्सर नव्हे. त्याचा कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जातो आणि त्या सगळ्या काळात तो बदललेला भाग गोठवून किंवा तारेच्या विद्युत फासाने कापून काढता येतो. मोठे ऑपरेशन लागत नाही, पिशवी काढावी लागत नाही.

म्हणजे या आजारात निसर्गाने दहा वर्षांची मुदत दिलेली आहे. आपल्या देशात तरीही दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायांना हा कॅन्सर होतो आणि ७५ हजारांहून अधिक बाया त्याने मरतात. हे मरण विषाणूच्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही.

आता थोडा इतिहास, कारण या आजाराचा दोष बाईच्या माथी मारण्याची परंपरा फार जुनी आहे. १८४२ मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने मृत्यूच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायांना होतो, जोगिणींना जवळपास होत नाही, असे त्याला दिसले. निरीक्षण मोलाचे होते. पण त्यातून पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जगभरचे वैद्यकशास्त्र बाईचे चारित्र्य, तिच्या लग्नाचे वय, तिची बाळंतपणे आणि तिची स्वच्छता हेच चाळत बसले. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. वि. रा. खानोलकरांनी धर्म-समाजवार तुलना केली होती. त्यांचा हेतू शास्त्रीयच होता. पण अशा तुलनांमधून खाली दवाखान्यापर्यंत काय झिरपले? "तुम्ही लोक स्वच्छ राहत नाही." अस्वच्छतेचा हा शिक्का आपल्याला नवा आहे का? पाण्यापासून लांब ठेवायचे आणि मग अंघोळ करत नाही म्हणायचे.

१९८३ मध्ये जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या चमूने १६ नंबरचा आणि पुढच्या वर्षी १८ नंबरचा विषाणू या कॅन्सरच्या गाठींत शोधून काढला. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. त्या शोधामागे एक काळी बाई उभी आहे. हेन्रिएटा लॅक्स. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ३१ व्या वर्षी ती गेली, पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या, विकल्या गेल्या. घरच्यांना हे वीस-बावीस वर्षांनी कळले. त्याच पेशींत नंतर १८ नंबरचा विषाणू सापडला. तिच्या वारसांनी एका मोठ्या कंपनीवर दावा लावला आणि २०२३ मध्ये त्यात तडजोड झाली. कुणाचे शरीर ज्ञानाचा कच्चा माल होते आणि ते ज्ञान कुणाच्या दारात आधी पोहोचते, हा प्रश्न काळ्या बायांनी तिकडे विचारला. आपण इकडे विचारला पाहिजे.

आता बार्शीकडे येऊ. १९८७ मध्ये बार्शी तालुका आणि आपल्या जिल्ह्यातले परंडा व भूम हे तालुके मिळून ३४६ गावांसाठी कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठी अशी ही देशातली पहिलीच नोंदणी. शहरात नोंदणी म्हणजे हॉस्पिटलांतून कागद गोळा करायचे. इथे हॉस्पिटलात कुणी पोहोचतच नव्हते, तर कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. अंगावरून अवेळी जाते का, पांढऱ्या पाण्याला वास येतो का, संबंधानंतर रक्त जाते का, हे विचारू लागले, समजावू लागले. काही वर्षांत असे दिसले की या गावांतल्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. भा. म. नेने यांच्या चमूने हे १९९५ मध्ये मांडले. नवे औषध नाही, यंत्र नाही. कुणीतरी येऊन बोलले एवढ्यानेच फरक पडला. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

त्या पायावर पुढचा मोठा अभ्यास उभा राहिला. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. मुख्य लेखक डॉ. आर. शंकरनारायणन. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात जिल्ह्यातल्या गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाला एचपीव्ही चाचणी. एका गटाला पॅप चाचणी, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणे. एका गटाला व्हीआयए, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी बघणे. बदललेला भाग पांढरा दिसतो. चौथ्या गटाला 'प्रचलित सेवा'.

बोलावलेल्या बायांची संख्या लाखाच्या घरात होती आणि त्यांतल्या सुमारे ७९ टक्के आल्या. हा आकडा पुन्हा वाचा. "आपल्या बाया तपासणीला येत नाहीत, लाजतात" असे प्रत्येक शिबिराच्या भाषणात ऐकतो ना आपण? पंचवीस वर्षांपूर्वी, एसटी धड न येणाऱ्या गावांतून, दिवसाची मजुरी बुडवून दर पाचांत चार बाया आल्या होत्या. कमी शिकलेल्या आणि वयाने मोठ्या बाया तुलनेने कमी आल्या, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. म्हणजे अडचण लाजेपेक्षा शिक्षणाशी जास्त बांधलेली आहे.

निकाल काय लागला? एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, पॅप गटात ५४, व्हीआयए गटात ५६, प्रचलित सेवेच्या गटात ६४. दुसऱ्या किंवा पुढच्या अवस्थेला गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९, प्रचलित गटात ८२. मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, तेही एकाच चाचणीने. पॅप आणि व्हीआयए गटांत दिसलेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतकी नव्हती. आणखी एक गोष्ट. एचपीव्ही नाही असे निघालेल्या बायांमध्ये पुढच्या वर्षांत कॅन्सरचे प्रमाण लाखामागे वर्षाला ३.७ होते. पॅपमध्ये 'सर्व ठीक' निघालेल्यांत ते १५.५ आणि व्हीआयएमध्ये 'ठीक' निघालेल्यांत १६. म्हणजे एचपीव्हीच्या 'चांगलं हाय'वर विसंबून बाई निर्धास्त झोपू शकते, तशी बाकी दोन्हींच्या भरवशावर नाही.

आता चौथ्या गटाकडे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात याच काळात व्हीआयएचे असेच अभ्यास झाले. तिन्ही ठिकाणचे तपासणी न मिळालेले गट एकत्र केले तर १,३८,६२४ बाया होतात आणि त्यांतल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या. अमेरिकन डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये हा मुद्दा जाहीरपणे मांडला. पॅप चाचणीने मृत्यू घटतात हे श्रीमंत देशांना कधीच माहीत होते, मग बिनतपासणीचा गट ठेवलाच कसा, असा त्यांचा सवाल होता. संशोधकांची बाजू अशी की देशात तपासणीची सोयच नव्हती. जे प्रचलित आहे ते दिले, कुणाचे काही काढून घेतले नाही. उलट त्या गटालाही आजाराची माहिती दिली आणि दवाखान्यात जाऊन तपासता येते हे सांगितले.

ही बाजू खोटी नाही. या अभ्यासाला कुणी नाझी प्रयोगांच्या रांगेत बसवू लागले तर मी त्याला विरोध करीन. पण 'प्रचलित' या शब्दापाशी आंबेडकरी माणसाने थांबायला हवे. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. कागदावर. प्रचलित काय होते? आपल्याला पाणी नाही. ते प्रचलित मोडायला २० मार्च १९२७ लागला. 'तुम्ही दवाखान्यात जाऊन तपासून घेऊ शकता' हे वाक्य वाशी किंवा लोहारा तालुक्यातल्या मजूर बाईसाठी नगरपालिकेच्या त्या ठरावासारखेच होते. 'इथे काहीच नव्हते' हे संशोधकांसाठी उत्तर आहे, शासनासाठी तो गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. माझा राग म्हणूनच बार्शीच्या डॉक्टरांवर कमी आणि त्या 'काहीच नव्हते'वर जास्त आहे. कारण २००९ नंतर शासनाकडे पुरावा होता, आणि तो आपल्याच जिल्ह्याचा होता.

पुढे काय झाले? २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार संपवण्याचे ध्येय जाहीर केले : ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के बायांची ३५ आणि ४५ व्या वर्षापर्यंत उत्तम दर्जाच्या चाचणीने तपासणी, आणि दोष निघालेल्यांपैकी ९० टक्क्यांना उपचार. २०२१ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही चाचणी हीच पहिली पसंती ठरली. धाराशिवच्या बायांचा पुरावा त्याच्या पायात आहे. आणि आपल्याकडे? केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी लिहिली आहे. व्हीआयए टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. मुंबईत दर दोन वर्षांनी नीट केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३१ टक्के घटले. पण 'नीट' आणि 'वारंवार' या दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बाया देशात १.९ टक्के निघाल्या. एकदा १०० पैकी ७९ आल्या होत्या, २०१९-२१ मध्ये १०० पैकी २ देखील नव्हत्या. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. गाडी प्रकल्पाची होती, प्रकल्प संपला. शासनाची गाडी सुरूच झाली नाही.

जिथे तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. शेजारच्या बीड जिल्ह्यातले २०१९ चे प्रकरण आठवा. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आले की ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. पांढरे पाणी जाते, कंबर दुखते म्हणून खाजगी दवाखान्यात गेलेल्या बायांना "पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितले गेल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. आपल्या भूम, परंडा, वाशी, कळंबमधूनही कोयते त्याच फडांवर जातात. पांढरे पाणी म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि कॅन्सरपूर्व बदल असला तरी त्याला पिशवी काढणे हा पहिला उपाय नव्हे. हे वाक्य त्या बाईला आधी कुणी सांगितले असते, तर उचल घेऊन ऑपरेशनचे बिल फेडत ती पुढचे दोन हंगाम राबली नसती.

आता लसीबद्दल, कारण आपल्या व्हॉट्सॲप गटांत यावर बरेच काही फिरते. संशयाला आधार आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि आश्रमशाळांत पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या गेल्या. सात मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असे चौकशीत निघाले, पण संमतीचा जो खेळ झाला त्यावर संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. ते योग्यच होते. मात्र इथून "लसच वाईट" या निष्कर्षावर उडी मारणे हे बाबासाहेबांच्या वारसांना शोभत नाही. त्या वादामुळे एप्रिल २०१० मध्ये शासनाने सगळेच लसीकरण अभ्यास थांबवले. त्यात आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेचा वेगळा अभ्यासही अडकला, ज्याच्या केंद्रांत बार्शी आणि पुणेही होते. तीन किंवा दोन डोस ठरलेल्या सुमारे ५ हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. नंतर नऊ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा त्या एका डोसनेही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिल्याचे दिसले. आज जग एका डोसवर येत आहे ते अशा मुलींमुळे. म्हणजे पुन्हा तेच. पुरावा भारतातल्या मुलींचा, त्यात बार्शी केंद्राच्याही. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस मंजूर झाली. आपली मागणी लस नको अशी नसावी. ती फुकट हवी, आई-बापाला समजेल अशा मराठीत माहिती देऊन हवी, आणि शाळेबाहेर पडलेल्या, फडावर गेलेल्या मुलीपर्यंत हवी.

काही कार्यकर्ते म्हणतात, हा दवाखान्याचा विषय आहे, चळवळीचा नाही. त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला दिलेला पाठिंबा वाचावा. १९३८ साली त्याच विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. बाईचे शरीर हा त्यांच्यासाठी राजकारणाचा विषय होता. १९४१ मध्ये ते आपल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, त्याची आठवण आपण दरवर्षी काढतो. वतन म्हणजे काय होते? आपल्या शरीरावर गावाचा हक्क आणि बदल्यात गावावर आपला काहीच नाही. अभ्यासासाठी शरीर दिलेल्या, आणि पुराव्याचा वाटा न मिळालेल्या बायांचा विषय त्या परिषदेपासून फार लांबचा नाही.

आमच्या तालुक्यात आम्ही तीन प्रश्नांचा अर्ज तयार केला आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या वर्षी ३० वर्षांवरच्या किती बायांची गर्भाशयमुखाची तपासणी झाली? दोष निघालेल्या बाईला पुढे कुठे पाठवले आणि ती तिथे पोहोचली का? जिल्ह्यात एचपीव्ही चाचणी शासकीय दवाखान्यात कधी सुरू होणार? अर्जावर पहिली सही मावशींची आहे. त्यांनी सही करण्याआधी ३४ आणि ६४ चा हिशेब दोनदा समजावून घेतला आणि विचारले, "मंग ह्या तीस बाया कोन्त्या गावच्या, त्ये लिवलंय का कुठं?"

लिहिलेले नाही. ग्रामसभेत अर्ज वाचायचा आहे. तुमच्या गावातही वाचा, नमुना हवा असेल तर कळवा.